मिलिंदचे पंच कुणी मोजले?

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी येवल्याला शाळेत, सहावीच्या वर्गावर होते. डेंग्यू झाला होता, दवाखान्यात ठेवलं होतं, आदल्या रविवारी मी त्याला भेटूनही आले होते. सलाइन लावलेला हात उचलून त्याने माझ्या नाकासमोर हळूच एक जॅब मारला होता आणि म्हणाला होता, "ताई, सरक ना! अजून शिकली नाहीस." असा माणूस इतक्यात मरत नाही, असं धरून मी निर्धास्त परत गेले होते… फोननंतर एसटी कशी पकडली, कुठे बसले, काही आठवत नाही. द्वारकेच्या चौकात उतरून रिक्षा केली ते मात्र लख्ख आठवतं. कॉलनीचं नाव सांगितल्यावर रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, "तिथला एक बॉक्सर वारला ना सकाळी? लय मार खाल्ला होता म्हणे त्यानं. डोक्यात गेला असंल." मी म्हटलं, "डास चावून गेला. माझा भाऊ होता. रिक्षा चालवा." पण घरी पोचले तर दारातली माणसंही तेच कुजबुजत होती. मार खाऊन खाऊन शेवटी… वगैरे. त्या दिवशी मी रडायच्या आधी चिडले, आणि अजून चिडलेलीच आहे.

माझा भाऊ मार खाणारा बॉक्सर नव्हता. हे एवढं एक वाक्य कुठेतरी छापून यावं म्हणून मी लिहायला बसले. बाकीचं सगळं त्या वाक्याची साक्ष समजा.

लहानपणापासून त्याला मारणं आमच्या घरात कुणाला जमलं नाही. वडील महापालिकेत नोकरीला, स्वभावाने गरीब. मारण्याचं खातं आईकडे होतं. तिच्या हाताला लागेल ते यायचं, लाटणं, उलथनं, चप्पल. मी पळायचे आणि तरी पाठीत खायचे. मिलिंद पळायचाच नाही. जागेवर उभा राहायचा, आईकडे टक लावून बघायचा आणि हात आला की डोकं एवढंसं, चिमूटभर, बाजूला करायचा. लाटणं मागच्या भिंतीवर. त्या भिंतीचा उडालेला पोपडा अजून तसाच आहे. आई आणखी भडकायची. "मुडद्या, हालत बी नाय आन लागू बी देत नाय!" म्हणायची, आणि मग तिलाच हसू फुटायचं. तो शब्द आई आता तोंडातून काढत नाही.

आठवी-नववीत तो बॉक्सिंगच्या हॉलमध्ये जायला लागला. तिथले कोच गवळी सर. त्यांचं नाव मी बदललेलं आहे, पण हे वाचणाऱ्यांना ते ओळखू येईल आणि येऊ दे. सरांनी पहिल्याच महिन्यात ओळखलं की या पोराला पंच लागत नाही. घरी मिलिंदने आमच्या पुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक निळी नायलॉनची दोरी आडवी बांधली, नळाच्या पाइपापासून खिडकीच्या गजापर्यंत, बरोबर त्याच्या खांद्याच्या उंचीवर. रोज संध्याकाळी तो त्या दोरीखालून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे वाकत पुढे-मागे जायचा. नियम एकच, दोरी हलली नाही पाहिजे. ती दोरी नंतर कायमचीच राहिली. गेटमधून घरात यायचं तर तिच्याखालूनच यावं लागायचं. दूधवाला, गॅसवाला, पाहुणे, लग्नाची पत्रिका द्यायला आलेले म्हातारे, सगळे वाकायचे. कुणाचं डोकं किंवा पाठ दोरीला घासली की मिलिंद आतून ओरडायचा, "लागला!" गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन शिव्या देत आत यायचा आणि दर खेपेला त्याला एक तरी लागायचा. मिलिंद चाळिशीचा झाला तरी हा पोरखेळ सुटला नाही. त्याची तिरडी बाहेर काढताना मात्र दोरी आडवी आली. गाठ इतकी जुनी की सुटेना, मग कुणीतरी आतून विळी आणून दोरीच कापली. इतक्या वर्षांत तो त्या जागेवरून पहिल्यांदाच सरळ गेला.

आता त्याच्या दोन बाउटींबद्दल, म्हणजे लढतींबद्दल. मिलिंद सव्वीस-सत्तावीसचा असेल. ओझरला एका कारखान्यात कंत्राटी कामगार म्हणून जात होता. राज्य स्पर्धेच्या संघात त्याच्या वजनगटाची एकच जागा होती. संघात गेलं की प्रमाणपत्र, प्रमाणपत्र असलं की खेळाडूंच्या कोट्यातून कायमच्या नोकरीची आशा. त्याच वजनात हॉलमध्ये आणखी दोन पोरं होती, योगेश आणि निखिल. दोघं सरांचे लाडके, दोघांचेही वडील हॉलला मदत करणारे. एकाने मॅट घेऊन दिलेल्या, दुसऱ्याने छताचं काम करून दिलेलं. दोघांना एकमेकांसमोर उभं केलं तर हरणाऱ्याचा बाप रुसणार आणि पोरगं दुसऱ्या हॉलला घेऊन जाणार, ही सरांची भीती. मग त्यांनी एक शहाणपणाचा मार्ग काढला. योगेशने मिलिंदशी लढायचं, चार दिवसांनी निखिलनेही मिलिंदशीच लढायचं, दोन्ही बाउटींचं शूटिंग करायचं आणि कुणी किती पंच मारले, किती लागले, किती हुकले हे शांतपणे मोजायचं. ज्याचे आकडे चांगले तो संघात. सामना नाही, भांडण नाही, सगळं शास्त्रीय. सरांचा इंजिनिअरिंगला असलेला पुतण्या मोजायला बसणार होता.

मिलिंदने विचारलं होतं, "सर, मग माझं काय?" सर म्हणाले, "तुझाही विचार होईल रे, तू आधी दोघांसमोर उभा तर राहा."

पहिली बाउट बघायला मी आणि आई दोघी गेलो होतो. योगेश उंच, लांब हातांचा, चांगला बॉक्सर. त्याचे पंच एकामागून एक यायचे आणि मिलिंदच्या कानाजवळून जायचे. मिलिंद मागे हटत नव्हता, तोंडासमोर हात धरून लपत नव्हता, डोकं फक्त चिमूटभर इकडे, चिमूटभर तिकडे, आणि मधूनच खालून त्याचा उजवा हात योगेशच्या बरगडीत. शेजारी बसलेली पोरं हसायला लागली, "अरे लागतच नाय यार!" आई माझ्या कानात म्हणाली, "माझं लाटणं बी असंच जायाचं." तिसरा राउंड संपला आणि रेफरीने मिलिंदचा हात वर केला. तो जिंकला. हे मी पुन्हा लिहिते, तो जिंकला. कारण हे पुढे कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

जिंकला, पण डाव्या अंगठ्याचं मूळ सुजलं. चार दिवसांनंतरची बाउट त्याने कारखान्यात डबल ड्युटी करून, सुजलेल्या हाताने खेळली. आधी सरांना हात दाखवला होता. सर म्हणाले, "तू फक्त उभा राहा रे. तुला कुठे जिंकायचंय?" हे मला त्याने नंतर सांगितलं, हसत हसत. डावा हात चालत नाही म्हटल्यावर त्या बाजूला वाकणंही निम्म्यावर आलं, आणि निखिलचे पंच लागायला लागले. निखिलच्या हातात काही वाईट नव्हतं, पण त्याच्यासमोर जो उभा होता तो चार दिवसांपूर्वीचा मिलिंद नव्हता.

मग हॉलच्या भिंतीवर तक्ता लागला. छापलेला, रंगीत रेघांचा. वर ठळक अक्षरात ‘विरुद्ध : मिलिंद’ आणि खाली दोन रकाने, योगेश आणि निखिल. मारलेले पंच, लागलेले, हुकलेले, शेकडा प्रमाण. ते आकडे मला आजही पाठ आहेत, पण मी ते इथे देणार नाही. त्यांना त्यांच्या आयुष्यात पुरेशी जागा मिळाली आहे. निष्कर्ष असा की निखिलचे पंच जास्त लागतात, योगेशचा नेम कच्चा आहे. निखिल संघात गेला. पुढे त्याला नोकरी लागली, आता चांगल्या हुद्द्यावर आहे. योगेशने वर्षभरात ग्लोव्हज टांगले. आणि ज्याचं नाव ‘विरुद्ध’ या शब्दापुढे लिहिलं होतं, त्याला रकानाच नव्हता.

मी शाळेत विज्ञान शिकवते. दोन प्रकारची साखर आणायची, एक गरम पाण्यात टाकायची, दुसरी गार पाण्यात, आणि पहिली लवकर विरघळली म्हणून ती चांगली म्हणायचं… असं माझ्या वर्गातल्या पोराने केलं तर बाकीची पोरं त्याला हसतील. तुलना करायची तर पाणी तेच हवं. सरांनी मिलिंदला पाणी समजलं. भिंतीसारखा, मंगळवारीही तोच आणि शनिवारीही तोच. त्याला हात असतात, ते सुजतात, तो ड्युटीवरून येतो, हे त्या तक्त्यात कुठे बसवणार? आणि ‘हुकलेले पंच’ नावाची जी ओळ योगेशच्या खात्यात गुन्हा म्हणून लिहिली, ती पूर्ण ओळ माझ्या भावाची कमाई होती. योगेशचे हात हुकले नव्हते, मिलिंद हलला होता. दुसऱ्याच्या नालायकीचा पुरावा म्हणून त्यांनी माझ्या भावाची कला वापरली, आणि वर त्याला थँक्यू म्हटलं.

मिलिंद भांडला नाही. मला याचाही राग येतो, पण तो त्याचा स्वभाव होता. येवल्याला आला, पट्टी बांधलेल्या हाताने भाकरी मोडता येईना म्हणून मीच कुस्करून दिली. मी सरांना शिव्या देत होते. तो म्हणाला, "ताई, जाऊ दे ना. हॉल बंद झाला तर मी खेळू कुठे?" आणि तो जातच राहिला. पुढे तीच पद्धत पडून गेली. कुठल्याही दोन पोरांत कोण सरस ते ठरवायचंय, मग मिलिंदसमोर उभे करा आणि मोजा. लग्न केलं नाही, पगार कंत्राटीच राहिला, संध्याकाळ झाली की हॉल. त्याच्यावर मोजून घेतलेली पोरं मोठी झाली, बदल्या होऊन दूरदूर गेली. जाताना सगळे त्याच्या पाया पडायचे. तक्ता बदलायचा, वरची ओळ तीच राहायची.

त्याच्या पुण्यानुमोदनाला कॉलनीच्या सभागृहात गर्दी झाली. भंते बोलले, त्रिशरण झालं, मग आठवणी सांगायला एकेक जण उठला. निखिल आला होता, गाडीने, हार घेऊन. मनापासून बोलला असेल, मी नाही म्हणत नाही. पण बोलला काय, तर "मिलिंददादांसमोर माझे इतके टक्के पंच लागले म्हणून मी आज इथे आहे." मग गवळी सर उठले. त्यांनी आकडेच सांगितले, तोंडपाठ. निखिलचे किती, योगेशचे किती, नंतरच्या कुठल्या कुठल्या पोरांचे किती. मागच्या रांगेतले दोघं लगेच हळू आवाजात वाद घालायला लागले, की नंतरच्या पोरांत अमुकच भारी, त्याने मिलिंदला जास्त हाणलं होतं. समोर माझ्या भावाचा फोटो, उदबत्ती जळतेय, पांढऱ्या साडीतली माझी आई खाली बघत बसलेली, आणि माणसं चर्चा करतायत की त्याला कुणी जास्त मारलं. मला बसवलं नाही.

मी उभी राहिले आणि विचारलं, "सर, मिलिंदचे किती लागले?"

सरांना कळलंच नाही. "म्हणजे?"

"योगेशला मिलिंदचे किती पंच लागले? ती बाउट मिलिंद जिंकला होता ना?"

सर चाचरले नाहीत, रागावले नाहीत, अगदी सरळपणे म्हणाले, "ते मोजलं नव्हतं, ताई. त्याची गरज नव्हती." ते खोटं बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. भंतेंनी डोळे मिटले आणि गाथा सुरू केली, म्हणून मी बसले.

दोन दिवसांनी योगेश घरी आला. त्याचं आता द्वारकेजवळ रंगाचं दुकान आहे, पोट सुटलंय, केस पांढरे झालेत. पूर्वी काही महिने तो मिलिंदबरोबर आमच्या शेडमध्ये सरावाला यायचा. गेट उघडून तो आला, आणि मी खिडकीतून बघत होते, दोरी नव्हती, तिची कापलेली दोन टोकं पाइपाला आणि गजाला लोंबत होती, तरी त्या जागेवर आल्यावर योगेश खांदा टाकून खाली गेला, डावीकडून उजवीकडे, आणि पलीकडे सरळ झाला. त्याला स्वतःला कळलंही नसावं. आईही तसंच करते. मीही करते.

त्याने जुन्या बाउटीचं शूटिंग मोबाइलमध्ये आणलं होतं. "ताई, तुम्ही त्या दिवशी विचारलं ना… आपण मोजू," म्हणाला. आम्ही दोघं मोजायला बसलो. थोड्याच वेळात योगेश थांबला. कॅमेरा ज्याची परीक्षा होती त्याच्याकडे तोंड करून लावलेला होता. पडद्यावर योगेश समोरून दिसत होता, प्रत्येक पंच स्पष्ट. मिलिंदची फक्त पाठ. घामाने चिकटलेली बनियन, मान, आणि ते चिमूटभर डावीकडे, चिमूटभर उजवीकडे जाणारं डोकं. कधी कधी तर तो पडद्याबाहेरच जायचा. त्याचे हात दिसतच नव्हते, मग मोजणार काय? योगेशने मोबाइल पालथा घातला. म्हणाला, "इतकी वर्षं मी बायकोला सांगत आलो, माझा नेमच खराब होता. ताई, दादाला तेव्हा कुणाचाच लागत नव्हता हो. माझा लागला नाही यात माझं काय चुकलं?" मी त्याला चहा दिला. दुसरं काही देण्यासारखं माझ्याकडे नव्हतं.

त्याच आठवड्यात सरांचा फोन आला. हॉलतर्फे दरवर्षी मिलिंदच्या नावाने एक चषक द्यायचं ठरतंय, उत्कृष्ट सराव-जोडीदारासाठी. फोटो हवा होता आणि आईची संमती. सराव-जोडीदार! जिवंतपणी समोर उभा केला, मेल्यावर तोच हुद्दा कपावर कोरून द्यायचा. मी फोनवर एवढंच म्हटलं, घरी या.

सर यायच्या आधी मी नवी निळी दोरी आणली आणि जुन्या दोन टोकांना बांधून मधली जागा भरली. टोकं तिथेच होती म्हणून उंची शोधावी लागली नाही. आई दारातून बघत होती. "कशाला गं?" म्हणाली. मी म्हटलं, "असू दे." तिने पुढे येऊन दोरी ओढून बघितली आणि म्हणाली, "ढिली हाय. अजून ताण."

सर आले. गेटमधून चार पावलं आत आले आणि दोरी छातीला लागली तसे थांबले. इतक्या वर्षांत ते आमच्या घरी कधी आलेच नव्हते, दोरी त्यांना माहीतच नव्हती. हाताने वर उचलायला गेले, ती उचलली जाईना. "ताई, ही दोरी जरा…" मी दारातच उभी राहिले. आई म्हणाली, "तिच्याखालून या सर. आमच्याकडं सगळे खालूनच येतात." साठीचा जड माणूस, गुडघे कुरकुरणारे. गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि आत आले. मला वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही.

आईने फोटो काढून समोर ठेवला, पण हातात दिला नाही. म्हणाली, "कप द्या. पण त्याच्यावर लिवा, त्यानं योगेशला हरवलं व्हतं. आन जोडीदार-बिडीदार नको. ज्या पोराला सगळ्यात कमी लागंल, त्याला द्या."

सर म्हणाले, "आई, ते… न लागलेलं कसं मोजणार?"

"तुमी मोजता ना समदं," आई म्हणाली. "आता हे बी मोजा."

सर बघतो म्हणाले, कमिटीत मांडतो म्हणाले, पाणीही न पिता उठले. फोटो त्यांनी नेला. कमिटीचं उत्तर अजून आलेलं नाही, आणि येईल असं मी धरून चाललेले नाही. जाताना ते घाईत होते. दोरीखालून वाकले, पण डोकं लवकर वर काढलं, पाठ घासली, आणि दोरी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत थरथरली. ते गेटपाशी पोचले होते. मी काही बोलणार एवढ्यात माझ्या मागून, घराच्या आतून, मिलिंद गेल्यापासून पहिल्यांदाच आईचा मोठा आवाज आला.

"लागला!"